झाड नसलेल्या माळावर

माझ्या टेबलावर आत्ता एक प्लॅस्टिकची चकती पडली आहे. जुनी, कुणीतरी वापरून विकलेली. मूळचा रंग केशरी असावा. आता उन्हाने विटून फिकट जर्दाळूसारखा झाला आहे. लांबून पाहणाऱ्याला ती लहान मुलांची फ्रिजबी वाटेल, पण उचलली की हाताला लगेच कळतं, हे प्रकरण वेगळं आहे. व्यास २१ सेंटिमीटरहून किंचित जास्त, म्हणजे नाश्त्याच्या ताटलीएवढा. मधला भाग पातळ, अंगठ्याने दाबला तर दबतो. काठ मात्र भरीव, बोटाच्या एका पेराएवढा रुंद आणि बाहेरच्या बाजूला सुरीच्या पात्यासारखा उतरता. वरच्या बाजूला चार आकडे छापले आहेत : १२, ५, -१, ३. खाली, पोटाच्या बाजूला, पेनाने १७५ असं लिहिलं आहे. ते वजन, ग्रॅममध्ये. त्याच्या शेजारी काळ्या मार्करने लिहिलेला एक फोन नंबर आहे, अर्धवट पुसलेला.

ही डिस्क गोल्फची चकती. खेळ सांगायला दोन वाक्यं पुरतात. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे टीवरून चकती फेकायची, ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत टाकायची. टीपासून टोपलीपर्यंतचं हे एक होल, अशी अठरा होलं, आणि ज्याच्या फेकी सर्वांत कमी तो जिंकला. चेंडू आणि काठीच्या गोल्फशी नातं आहे ते एवढंच. त्या गोल्फला लागतं तसं सभासदत्व इथे बहुधा लागत नाही. जगात आज दहा हजारांहून अधिक डिस्क गोल्फ मैदानं आहेत आणि त्यांतली बहुतेक सार्वजनिक बागांमध्ये, फुकट खेळता येण्याजोगी आहेत. एका चकतीवर सुरुवात होते.

या प्रकरणात मला तुम्हाला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, एम्पोरिया नावाच्या गावी न्यायचं आहे. वस्ती सुमारे चोवीस हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. पण डिस्क गोल्फ खेळणाऱ्यांना हे नाव जगभर ठाऊक आहे. या खेळाची जागतिक स्पर्धा २०१६ साली इथे झाली आणि २०२२ साली पुन्हा इथेच. त्या दुसऱ्या खेपेला पॉल मॅकबेथ आणि अॅरन गॉसेज बरोबरीत राहिले आणि जादा होलवर मॅकबेथने आपलं सहावं जगज्जेतेपद घेतलं. महिलांमध्ये एस्टोनियाची क्रिस्टिन तातार पहिल्यांदा जिंकली. डायनॅमिक डिस्क्स ही चकत्यांची कंपनी २००५ साली याच गावात सुरू झाली.

एम्पोरिया फ्लिंट हिल्सच्या पूर्व कडेला आहे. फ्लिंट म्हणजे चकमकीचा दगड. इथल्या चुनखडीच्या थरांमध्ये या दगडाचे पट्टे आहेत आणि वर मातीचा थर इतका पातळ की नांगर चालेना. आसपासचा गवताळ प्रदेश शेतकऱ्यांनी नांगरून गहू आणि मक्याखाली आणला, हा टापू मात्र गुरांच्या चराईला राहिला. उत्तर अमेरिकेतल्या उंच गवताच्या माळांपैकी आता शेकडा चारच्या आसपास शिल्लक आहे, आणि त्यातला बराचसा इथे. जवळच, स्ट्राँग सिटीपाशी, १९९६ साली त्याचं राष्ट्रीय संरक्षित क्षेत्रही झालं. वसंतात इथले गुराखी माळ पेटवतात. टेकड्या काळ्याठिक्कर होतात आणि काही आठवड्यांत कोवळ्या हिरव्या. टेकड्या म्हणताना सह्याद्री डोळ्यांपुढे आणू नका. या लाटा आहेत : लांबच लांब चढ, लांबच लांब उतार, मध्ये उथळ खोलगट भाग. आणि वारा. ज्या कॅन्सा लोकांवरून राज्याला नाव मिळालं, त्यांच्या नावाचा अर्थ ‘दक्षिण वाऱ्याचे लोक’ असा सांगितला जातो.

गावातल्या एका मैदानाची गोष्ट इथेच सांगतो, नाहीतर राहून जाईल. पीटर पॅन पार्क ही बाग ‘एम्पोरिया गॅझेट’चे संपादक विल्यम अॅलन व्हाइट यांच्या कुटुंबाने गावाला दिली, ती त्यांची मुलगी मेरी हिच्या आठवणीसाठी. १९२१ च्या मे महिन्यात सोळा वर्षांची मेरी घोड्यावरून जात असताना झाडाची फांदी डोक्याला लागून गेली. अंत्यसंस्कारानंतर बापाने आपल्या वर्तमानपत्रात तिच्यावर जो लेख लिहिला, तो अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या वाचला गेला. त्यात पीटर पॅन या मोठं व्हायला नकार देणाऱ्या गोष्टीतल्या मुलाशी त्यांनी मेरीची तुलना केली होती. आज त्या बागेत अठरा टोपल्या उभ्या आहेत आणि शाळा सुटली की पोरंपोरी पाठीवर चकत्यांच्या पिशव्या टाकून येतात. कुणाच्या स्मृतीसाठी यापेक्षा चांगलं काही करता येईल असं मला वाटत नाही.

आता खेळ इथवर आला कसा ते पाहू. काहीतरी गोल फेकून ठरलेल्या जागी नेणं ही कल्पना जुनीच. कॅनडातल्या ब्लॅडवर्थ गावची शाळकरी मुलं १९२६ सालीच डब्यांची झाकणं फेकून असा खेळ खेळत होती. पुढे फ्रेड मॉरिसन नावाच्या एकाने अमेरिकेत सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर केकची भांडी फेकण्यासाठी विकली, मग प्लॅस्टिकची चकती केली, आणि १९५७ साली ती व्हॅम-ओ कंपनीने घेऊन फ्रिजबी या नावाने बाजारात आणली. नाव कंपनीच्या मालकीचं, म्हणूनच खेळाला ‘फ्रिजबी गोल्फ’ न म्हणता डिस्क गोल्फ म्हणतात. त्याच कंपनीतल्या एड हेड्रिकने चकतीच्या पाठीवर एकात एक अशी कंगोऱ्यांची वर्तुळं उठवली, त्यामुळे तिचं डगमगणं कमी झालं. १९६७ साली त्याला त्याचं पेटंट मिळालं. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने पहिलं कायमचं मैदान उभं केलं.

या इतिहासात मला सर्वांत आवडते ती भांडणाची जागा. सुरुवातीला लक्ष्य म्हणजे झाड, दिव्याचा खांब, पुढे जमिनीत रोवलेला एखादा दांडा. चकती त्याला लागली की होल पूर्ण. पण लागली का? पन्नास पावलांवरून एक म्हणतो लागली, दुसरा म्हणतो चाटूनसुद्धा गेली नाही. विटीदांडू खेळलेल्या कुणालाही हे सांगायला नको. हेड्रिकने त्यावर उपाय काढला : खांबाभोवती साखळ्या लोंबकळत्या सोडल्या आणि खाली टोपली बसवली. साखळीची प्रत्येक कडी थोडी थोडी हलते आणि चकतीचा वेग खाऊन टाकते. वेग संपला की चकती खाली टोपलीत. शिवाय साखळ्या वाजतात. निकाल सगळ्यांना एकदमच ऐकू येतो. १९७७ साली या टोपलीचंही पेटंट झालं आणि आजही जगातली जवळजवळ प्रत्येक टोपली त्याच घडणीची आहे.

पुढचा मोठा बदल चकतीच्या काठात झाला. १९८३ साली डेव्ह ड्युनिपेस नावाच्या एकाने गोल, बोथट काठ काढून उतरता, निमुळता काठ आणला. हवा आता चकतीला थोपवण्याऐवजी तिच्या काठावरून सरकून जाऊ लागली आणि अंतरं झपाट्याने वाढली. माझ्या टेबलावरच्या चकतीचा काठ त्याच वंशातला.

रानातलं मैदान आणि उघडं मैदान हे जवळजवळ दोन वेगळे खेळ आहेत. रानात अडथळा समोर उभा असतो : हे झाड, ती फांदी, त्यांच्यामधली दीड मीटरची फट. चुकलं तर खोडावर टप्पकन आवाज येतो आणि चूक कोणती ते कळतं. एम्पोरियातलं जोन्स पार्कचं मैदान पाहून नवा खेळाडू म्हणतो, यात काय आहे, सगळं मोकळंच तर आहे. आणि मग त्याची चकती मोकळ्या आकाशात भलतीकडेच निघून जाते. अडथळा होताच, तो फक्त दिसत नव्हता.

तो समजून घ्यायला त्या चार आकड्यांकडे यावं लागेल. पहिला वेगाचा : चकती नीट उडण्यासाठी ती किती जोरात सुटायला हवी. १२ म्हणजे खूप जोरात, हे नवशिक्याचं काम नव्हे. दुसरा तरंगण्याचा. खरी गंमत तिसऱ्या आणि चौथ्या आकड्यात आहे. उजव्या हाताने, बॅकहँडने फेकलेली चकती वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गरगरत जाते. सुरुवातीला, वेग भरपूर असताना, ती किंचित उजवीकडे कलते. वेग ओसरला की डावीकडे झुकत खाली येते. तिसरा आकडा उजव्या कलाचा, चौथा डाव्या झुकण्याचा. माझ्या चकतीचे -१ आणि ३ म्हणजे उजवीकडे थोडीशी, शेवटी डावीकडे चांगलीच. एकाच चेंडूत दोन्हीकडचा स्विंग म्हणा ना.

असं का होतं? सायकलचं सुटं चाक आसाला दोन्ही हातांनी धरा, कुणाला तरी ते जोरात फिरवायला सांगा आणि आस एका बाजूला कलता करून पाहा. चाक तुम्ही ढकलता तिकडे जात नाही, काटकोनात भलतीकडेच वळतं. फिरत्या वस्तूचा तो स्वभावच आहे. भरवेगात हवेचा एकंदर रेटा चकतीच्या मध्यबिंदूच्या थोडा मागे पडतो आणि तिचं नाक खाली दाबू पाहतो. पण चकती फिरते आहे, म्हणून नाक खाली जाण्याऐवजी ती उजव्या अंगावर कलते. वेग कमी होऊन ती उतरू लागली की हवा खालून लागते, रेटा मध्यबिंदूच्या पुढे सरकतो, नाक उचलू पाहतो, आणि चकती डाव्या अंगावर येते. वजन काठात ठेवण्याचं कारणही हेच : वजन मध्यापासून जितकं लांब, तितकी फिरकी दमदार आणि कलणं संथ. वजनाला मर्यादाही आहे. व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅम आणि एकूण जास्तीत जास्त २०० ग्रॅम. म्हणून माझी १७५ ला थांबली आहे.

आता यात वारा आणू. समजा चकती ताशी ९० किलोमीटरने सुटली आणि समोरून ताशी ३० किलोमीटरचा वारा आहे. जमिनीच्या हिशेबाने वेग ९०, पण चकतीला भेटणारी हवा १२० ची. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो पावणेदोन पटीच्या वर गेला. फिरकी मात्र आहे तेवढीच. परिणाम असा की -१ छापलेली चकती जणू -३ असल्यासारखी उजवीकडे उलथते, आणि जास्तीचा रेटा तिला वरही उचलतो. तोच वारा पाठीमागून असेल तर चकतीला हवा भेटते ६० ची. जोर निम्म्याहूनही कमी. तरंगणं संपतं, उजवा कल येतच नाही आणि ती लवकर खाली बसते. मग डेव्हिड विगिन्स ज्युनियरने २०१६ साली नेवाडाच्या वाळवंटात ३३८ मीटर चकती फेकली ती वाऱ्याच्या साथीने कशी? त्याचं उत्तर उंचीत आहे. अशी फेक आभाळात खूप वर चढवतात. चकती वर आहे तोवर वारा तिला पुढे वाहून नेतो. ती खाली बसत असली तरी बसायला वेळ लागतो.

बाजूचा वारा याहून कावेबाज. डाव्या अंगावर झुकलेल्या चकतीचं पोट उजवीकडे उघडं असतं. उजवीकडून वारा आला तर तो पोटात भरतो आणि चकती पतंगासारखी डावीकडे वाहत जाते. डावीकडून आला तर पाठीवर बसतो आणि तिला जमिनीवर आपटतो. फेक तीच, चकती तीच, आणि दोन जागांमध्ये चाळीस पावलांचा फरक.

आणि माळ सपाट नाही. वाऱ्याला जमिनीचा आकार कळतो. सातारा जिल्ह्यात वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या पाहिल्या असतील तर त्या खाली दरीत का नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. पात्र अरुंद झालं की नदीचं पाणी धावतं, तसा टेकाडाच्या माथ्यावरून जाताना वारा दाटतो आणि वेग घेतो. ज्या अंगाने तो चढतो तिथे हवा चकतीला वर ढकलते, ज्या अंगाने उतरतो तिथे खाली ओढते, आणि दोन टेकाडांमधल्या खोलगट भागात कधी कधी काहीच नसतं. फ्लिंट हिल्सच्या लाटा दिसायला इतक्या सौम्य आहेत की डोळा फसतो. हवा फसत नाही.

अशा माळावरचं एक होल खेळून पाहू. कागदावरचंच, पण घडण तिथली. टी एका टेकाडावर, टोपली समोरच्या टेकाडाच्या माथ्याजवळ, अंतर ११० मीटर, मध्ये उथळ खोल. तीन फेकींत पूर्ण व्हावं असा हिशेब. दक्षिण वारा थेट तोंडावर. खेळणारी मुलगी चिमूटभर गवत उपटते, खांद्याच्या उंचीवरून सोडते. गवत तिच्याच कपड्यांवर येऊन चिकटतं. ती पिशवीतली आवडती चकती परत ठेवते आणि तिसऱ्या आकड्याला शून्य असलेली, शेवटी हट्टाने डावीकडे जाणारी चकती काढते. फेकायची खालून, डोक्याच्या उंचीपेक्षा वर जाऊ न देता. चार पावलांची धाव, पाठ लक्ष्याकडे, मग कंबर, खांदा, कोपर, मनगट असं एकामागून एक उलगडत जातं. चकती सरळ जाते, उजवीकडे कलेल कलेल म्हणेपर्यंत सावरते, आणि समोरच्या चढापाशी खाली येणाऱ्या हवेत सापडून खोलगट भागातच बसते. टोपली अजून ३५ मीटरवर.

चुका होतात त्या इथे. खोलगटात गवत निश्चल आहे, केसाची बट हलत नाही. नवशिका म्हणेल वारा पडला. तिने मान वर केली आहे : माथ्यावरचं गवत आडवं झालं आहे आणि टोपलीच्या साखळ्या झुलत आहेत. चढावर फेकताना दुसरा मोह असतो नाक वर करण्याचा. टोपली वर आहे म्हणून आपण चकतीचं तोंडही आभाळाकडे करतो. माथ्यावरचा वारा त्या उघड्या पोटाखाली शिरतो, चकती उभी राहते आणि मागे, जवळपास फेकणाऱ्याकडे येते. सगळी चकतीच चढाला समांतर ठेवून फेकावी लागते. ती तसंच करते. तरीही वाऱ्याने थोडं उचललंच. चकती टोपलीच्या आठ मीटर अलीकडे पडते.

दहा मीटरच्या आतल्या फेकीला वेगळा नियम आहे : फेकल्यावर तोल सावरून दाखवायचा, मगच पुढे पाऊल टाकायचं. तीस सेकंदांची मुदत. आठ मीटर म्हणजे सरावाने बहुतेक वेळा टोपलीत. पण टोपलीच्या मागे माळ उतरतो आहे आणि समोरचा वारा चकतीला उचलणार. टोपलीवरून गेली तर पलीकडे काठावर पडेल, आणि काठावर पडलेली चकती उतारावर चाकासारखी धावते. वीस मीटर, चाळीस मीटर, थांबवणारं काही नाही. मुलगी टोपलीकडे पाहते, वाऱ्याकडे पाहते, आणि चकती अलगद टोपलीच्या पायाशी सोडते. चौथ्या फेकीला आत. साखळ्या वाजतात. लोकांना टाळ्या वाजवाव्याशा वाटतात त्या लांब फेकीला. मला या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट ही वाटते, हातात आलेली फेक न घेण्याची.

कापलेल्या पट्ट्याच्या बाहेर गेली तर मात्र गवताशी गाठ. इथलं ब्लूस्टेम गवत शरदात माणसाच्या डोक्याच्या वर जातं. शोधायला तीन मिनिटं मिळतात, आणि प्रतिस्पर्धीसुद्धा शोधायला येतात. तसा नियमही आहे आणि तशी रीतही. पाय घासत, ओळीने, शेतात हरवलेला विळा शोधतात तसं. नाही सापडली तर एक फेक दंडाची. पुढे कधीतरी, आठवड्याने किंवा माळ कापल्यावर, ती दुसऱ्या कुणाला सापडते. म्हणून प्रत्येक जण आपल्या चकतीच्या पोटावर नाव आणि नंबर लिहितो. सापडलेली चकती फोन करून परत करायची, हे या लोकांमध्ये ठरूनच गेलेलं आहे.

माझ्या टेबलावरच्या चकतीवर त्या नंबरातले सुरुवातीचे सहा आकडे वाचता येतात. सातवा बहुधा तीन, कदाचित आठ. पुढचे तीन काठाजवळ होते, जिथे बोटं आवळली जातात, आणि ते घामाने आणि घासून पार पुसून गेले आहेत.